तीन बाजूंना काठ

— नाही मिस्त्री, अजून दोन बोटं खाली घ्या. तुम्ही स्वतःच्या कोपराने मोजताय, आणि तुम्ही आहात ताडमाड. मला मोजा, मला — हा मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, हा हात दुमडला. कोपराच्या खाली चार बोटं. तिथे फळी. वर गेली तर खांदे भरून येतात, खाली गेली तर कंबर धरते, आणि बाळाचा लंगोट बदलायचं काम काही दिवसातून एकदाच निघत नाही — सात-आठ वेळा निघतं, वाचलंय मी. काय? बाळाची आई किती उंच? ती माझ्याच एवढी. नाकही माझंच उचललंय तिने, आणि स्वभावही, असं तिची आई म्हणायची. नाकाबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. तर लेकीला मोजलं काय नि मला मोजलं काय, सारखंच. करा खूण. आणि पाणसळ लावून बघा एकदा. भिंत सरळ असेल अशा भ्रमात राहू नका, या इमारतीतली एकही भिंत सरळ नाही. सरळ निघून गेला तो फक्त बिल्डर.

तुम्हाला वाटत असेल म्हातारा फार कटकट करतो. बोला बिनधास्त, सवय आहे — बत्तीस वर्षं कारकुनी केली, माझ्या टेबलासमोर उभा राहिलेला प्रत्येक माणूस मनात तेच म्हणायचा आणि तोंडाने ‘साहेब’ म्हणायचा. पण ही जागा मी उगाच नाही निवडलेली. चार आठवडे लागले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तुम्हाला वाटेल यात निवडायचं काय — पण लहान घरातच निवडायला वेळ लागतो, मोठ्या घरात काय, कुठेही खिळा ठोका. बाहेरच्या खोलीत खिडकीचा वारा थेट अंगावर येतो, ओलं बाळ उघडं करून वाऱ्यात ठेवायचं नसतं. आतल्या खोलीत दार उघडलं की फळीवर आपटणार. स्वयंपाकघराचा प्रश्नच नाही, तिथे माणसाने जेवायचं असतं. राहिला हा पॅसेज. न्हाणीघर दोन पावलांवर, म्हणजे कोमट पाणी हाताशी. वारा नाही. आणि ही साडेतीन फूट भिंत — इथे माझं पुस्तकांचं कपाट होतं हो. हलवलं. अर्धी पुस्तकं पलंगाखाली गेली, अर्धी आतल्या खोलीतल्या माळ्यावर. आयुष्यभर जमवलेलं ज्ञान आता माझ्या पाठीखाली आहे. डोक्यात जाण्याऐवजी पाठीत जातंय, झोपताना टोचतं.

हा बघा नकाशा. हो, मीच काढला. हसा, हसा. फाईल पण केलीय, ही — ‘बाळाची जागा’. आत सगळं क्रमवार आहे: भिंतीची मापं, फळीची मापं, लागणाऱ्या वस्तू. फळी दोन फूट बाय अडीच, वापर झाला की भिंतीला दुमडून लावायची, नाहीतर पॅसेजमधून माणसाला आडवं चालावं लागेल. वर फोमची गादी, तिला रेक्झिन, म्हणजे ओल्या फडक्याने पुसली की झालं. डोक्याच्या बाजूला भिंतीत दोन खुंट्या — एकीवर टॉवेल, दुसरीवर कपड्यांची पिशवी. खाली झाकणाचा डबा, पायाने उघडणारा. पायानेच का? कारण हात मोकळा नसतो. हा सगळ्यात मोठा नियम आहे मिस्त्री, फाईलमध्ये पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलाय: एक हात कायम बाळावर. कापूस घ्यायचा असो, तेलाची बाटली घ्यायची असो, दारावरची बेल वाजो, फोन वाजो, एक हात बाळाच्या पोटावर. उचलायचा नाही. म्हणून सगळ्या वस्तू एका हाताच्या अंतरावर हव्यात. आणि डोक्यावर काही नको, ना फळी ना घड्याळ. वरून पडेल असं काही म्हणून नको.

सराव? केला ना सराव. कशावर म्हणजे — तुम्ही सांगणार नाही ना कुणाला? माझ्याकडे शब्दकोश आहे, जाडजूड. त्याचे दोन खंड एकावर एक बांधले, टॉवेलात गुंडाळले, काट्यावर ठेवले — बरोबर साडेसहा किलो भरले. तो माझा सराव. शब्दकोशाला लंगोट घालता येतो मिस्त्री, फक्त तो पाय झाडत नाही. सुरुवातीला मागची बाजू पुढे यायची. आता दीड मिनिटात होतं. एवढे सगळे शब्द पोटात असून एकदाही ‘अं’ केलं नाही त्याने, गुणी आहे.

हो हो, वजन तेच. साडेसहा. पण तुम्ही ब्रॅकेट मात्र दणकट लावा, पन्नास किलोचे. बाळ हलकं असतं हो, पण बदलणारा माणूस वाकतो, टेकतो, त्याचाही भार येतो फळीवर. बिजागऱ्यांवर भरवसा नाही माझा. आणि हे कोपरे गोल करून आणलेत ना? बघू — हं. इथे अजून काचपेपर मारा. माझ्या गालावर घासून बघतो — हो, गालावर, हाताला काय कळतंय, हातावर बत्तीस वर्षांचा घट्टा आहे. इथे खरखरतंय. मारा.

नाही, काठ कमी करायचे नाहीत. माहितीय मला, दिसायला बरे नाही दिसत, परातीसारखं वाटतं. वाटू दे. तीन बाजूंना काठ, चार चार बोटं उंच. तुम्ही दोन बोटं म्हणालात तेव्हाही मी चार म्हणालो होतो, कागदावर आहे. चौथ्या बाजूला नको — चौथ्या बाजूला माणूस उभा असतो. तोच काठ. बाळ लोळतं मिस्त्री. पाच महिन्यांचं बाळ एका क्षणात लोळतं. आपल्याला वाटतं अजून त्याला काय येतंय, आणि ते — लावा तुम्ही ड्रिल. लावा. मी बोलत राहिलो तर संध्याकाळ होईल.

झालं? दोन झाली भोकं? — मला ना, आवाज बरा वाटला. खरंच सांगतो. शेजारचे आता बोंबलतील, बोंबलू देत, निदान एखादा दार वाजवेल. इथे दिवसभर कसला म्हणून आवाज नसतो. फ्रिज मधेच थरथरतो तेवढाच. मी तर हल्ली त्याला ‘हं’ म्हणतो. बायको गेल्याला सहा वर्षं होतील. ती असती तर ही फळी, हा नकाशा, ही फाईल — काही झालं नसतं. तिने जमिनीवर चादर टाकली असती, पाय पसरून बसली असती, पोराला पायांवर घेतलं असतं, संपला विषय. काय म्हणता, तुमच्या दोन्ही पोरांचंही तसंच झालं? चादर टाकून? हं. म्हणजे सुताराच्या घरी फळी नाही आणि कारकुनाच्या घरी फळी. बरोबर आहे. पण माझे गुडघे खाली बसू देत नाहीत मिस्त्री. बसवतात, पण उठू देत नाहीत. आणि मला नुसतं बघत बसायचं नाहीये. मला बदलायचाय. मी स्वतः. तिने यावं, पिशवी टेकवावी आणि म्हणावं, ‘बाबा, याला जरा बघा’ — आणि मी बघावं. एवढंच आहे. ती दमून आली असेल, तिने चहा घ्यावा गरम. लहान पोर असलेल्या बाईने गरम चहा शेवटचा कधी घेतला ते तिलाही आठवत नसतं.

लांब? छे, लांब कुठली. चाळीस मिनिटं. दोन बस. सकाळी निघालं तर उन्हाच्या आत येऊन परत जाता येतं. एवढी जवळ आहे की न येण्याला अंतराचं कारणसुद्धा देता येत नाही. — म्हणजे तसं नाही, कामात असते ती. जावईही कामात. भला माणूस आहे, बोलत नाही फार, पण दर महिन्याच्या एक तारखेला फोनवर नातवाचा फोटो पाठवतो. खाली एक अक्षर नाही. आमच्या ऑफिसात असायचं ना, ‘माहितीसाठी प्रत’ — तसा. मी तो दुकानात जाऊन कागदावर काढून आणतो आणि फाईलला लावतो. ते काय, त्या मागच्या पानांना. भोक कागदाला पाडलंय हो, पोराला नाही, बघून पाडलंय.

टेबल? ते टेबल ऑफिसचं आहे. मी निवृत्त झालो तेव्हा जुनं सामान मोडीत काढत होते, म्हटलं हे मला द्या. बत्तीस वर्षं मी त्याच्यामागे आणि जग त्याच्यापुढे. ते घरात आलं तेव्हा बायको म्हणाली होती, ‘आता अर्ज घेऊनच येऊ का तुमच्याकडे?’ तिला वाटायचं मी ते भिंतीकडे तोंड करून लावीन. मी दाराकडे लावलं. सवय. कुणी दारातून आत आलं की टेबलापलीकडे मी. तर ते हलवायचं नाहीये, ते तिथेच — त्याच्यावरच झालं ते. मागल्या वेळी लेक आली होती ना, तेव्हा. पोराने लंगोट ओला केला. तिने विचारलं, ‘बाबा, कुठे बदलू याला?’ मी काहीतरी लिहीत होतो, आत जाऊन शाईची दौत शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘बदल कुठेही.’ कुठेही. ज्याच्या घरात जागा नसते ना, तोच हा शब्द वापरतो. मग तिने बघितलं — पलंगावर माझी पुस्तकं, खुर्चीवर वर्तमानपत्रं, जमीन पुसलेली नव्हती. मोकळं असं काय, तर टेबल. तिथे ठेवलं तिने बाळाला. ओलं झालं थोडं टेबल. पुसता येतं हो. लाकूड आहे, पुसलं की झालं. त्यात काय एवढं.

तुमचा काचपेपर थांबला. मारा ना.

— बरं, ऐकायचंच असेल तर ऐका, नाहीतरी अर्धं सांगून झालंय, आणि अर्धं काम टाकून उठायची सवय मला नाही. टेबल ओलं झालं एवढंच झालं नाही. टेबलावर माझे कागद होते. कसले? आता सांगायलाही लाज वाटते. जिन्यातल्या दिव्याचे. या मजल्यावरच्या जिन्यात दिवा नाही, तुम्ही आलात तेव्हा ठेचकाळलात ना — त्याबद्दल सोसायटीला लिहिलेलं चौथं स्मरणपत्र. स्वच्छ अक्षरात, समास सोडून, दोन पानं. ते बाळाच्या खाली गेलं होतं. तिने टॉवेल टाकला होता त्याच्यावर, तिला दिसलंच नसेल. मी दौत घेऊन बाहेर आलो, बघतो तर कागदाचं टोक टॉवेलाबाहेर, आणि ओल पसरत येतेय. ती ओणवी होऊन पिशवीतून कोरडा लंगोट काढत होती. पाठ होती तिची. आणि मी — मी कागद ओढला, मिस्त्री. टोक धरून ओढला. टॉवेलासकट सरकलं सगळं. बाळ एका कुशीवर झालं, मग पालथं, मग टेबलाची कड. टेबलाला काठ नसतो. कारकुनाच्या टेबलाला काठ कशाला लागतो, तिथून कागद पडतात फक्त. तिने वळून झेलला त्याला — पायाला धरून, एका पायाला, डोकं खाली. जमिनीपासून एवढं. एवढंसं. तीन बोटं.

काही झालं नाही त्याला. रडला, गप्प झाला. पण मी काय म्हणालो विचारा. बाळ कडेला होतं, तिचा हात अजून पोहोचायचा होता, आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला तो — ‘कागद.’ ‘बाळ’ नाही, ‘अरे’ नाही, ‘धर’ नाही. कागद. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात राग असता तर मी भांडलो असतो, भांडायला मी कमी नाही. राग नव्हता. टेबलापलीकडे उभी राहिलेली माणसं बघायची ना, शेवटी शेवटी, त्यांना कळून चुकायचं की इथे काही व्हायचं नाही — तसं बघितलं तिने. माझ्या लेकीने. मग पोराला कपडे घातले, पिशवी भरली, पायांत चपला घातल्या. दारात म्हणाली, ‘तुमच्या घरात याच्यासाठी जागाच नाही, बाबा.’ शांतपणे म्हणाली. जिन्यात अंधार होता, मी दारातून ‘जपून’ म्हणालो. तेवढाच एक शहाणपणाचा शब्द दिवसभरात, आणि तोही वेळ टळल्यावर.

म्हणून ही जागा. आता कळलं का काठ चार बोटं का? तीन बोटं उरली होती म्हणून चार.

मग काय करणार, माफी मागायची. मागणार होतो. फोनवर मला बोलता येत नाही, मी लिहायला बसलो. पहिला मसुदा लिहिला, त्याच्या वर मीच ‘विषय’ लिहून ठेवलेला — ‘विषय : गेल्या रविवारी घडलेल्या घटनेबाबत’. फाडला. दुसरा चांगला झाला होता, पण शेवटी ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं आलं. हाताला वळण लागलेलं असतं हो. तिसरा आहे अजून, त्या खणात. त्यात एकच ओळ आहे, तीही अर्धी. मग मी ठरवलं, तिच्याकडून काही येऊ दे. आमच्याकडे पद्धत असते — समोरून कागद आल्याशिवाय आपण हलायचं नाही. कागद आला की त्यावर टिपण, टिपणावर उत्तर. मी वाट बघत बसलो तिच्या एखाद्या ओळीची, आणि ती — माझीच मुलगी, नाक माझं, स्वभाव माझा — ती माझ्या ओळीची वाट बघत बसली असणार. दोन कारकून समोरासमोर मूग गिळून. दिवस जातात. मग म्हटलं, बोलवायचंच तर जागा करून बोलवावं. रिकाम्या हाताने ‘ये’ म्हणण्यात काय अर्थ आहे? जागा तयार झाली की फोन करायचा. शनिवारपर्यंत काम झालं की रविवारी.

हो, काम सांगताना ‘लेक रविवारी येतेय’ असं म्हणालो खरं तुम्हाला. रविवारी मी फोन करणार आहे. त्याला मी येणं धरून चाललो. ती चूक झाली — कारकुनाने प्रस्तावाला मंजुरी म्हणू नये. पण तुम्ही तरी त्याशिवाय लवकर आला असतात का?

बसली ना फळी ब्रॅकेटवर? आता काय शोधताय? पट्टी त्या खणात आहे, वरच्या. — ते? ते लंगोटांचं पाकीट. आणून ठेवलंय. उघडायचं नाही, सीलबंद आहे. मोठ्याने का वाचताय, मला माहितीय काय लिहिलंय त्यावर, ‘पाच ते आठ किलो’. बरोबर आहे ना, साडेसहा किलो म्हणजे मधोमध. काय विचारलंत? कधीचं वजन? त्या दिवशीचं. लेकीने स्वतः सांगितलं होतं आल्या आल्या, ‘साडेसहा किलोचा झाला बाबा, पाच महिने पुरे झाले’ — मी लिहून ठेवलं, फाईलचं दुसरं पान. कधी आली होती? आली होती ती — थंडी संपत आली होती. नाही, या वर्षीची नाही.

फोटो बघायचाय? नाही, फाईलमधला नको, त्यात नुसते चेहरे आहेत, जावई नेहमी तोंडाजवळ फोन नेऊन काढतो. हा नवा फोनवर आहे, याच महिन्याचा, अजून कागदावर काढायचा राहिलाय. हा. आजोबांवर नाही गेला, सुटला. हसतोय बघा कसा, खाली दोन दात — चार आहेत का? चार आहेत. काय? खाली बघू? खाली कुठे?

बूट आहेत.

बूट घालून उभा आहे. धरलेलं नाही कुणी. मागे तो हात दिसतोय तो जावयाचा असेल, पण लांब आहे तो हात — नाही धरलेलं. चार दिवस हा फोटो माझ्या खिशात आहे मिस्त्री, मी रोज बघतो, सकाळी बघतो, जेवताना समोर ठेवतो. चेहराच बघत होतो. बुटांपर्यंत गेलोच नाही. कसं जाणार, फाईलमध्ये पाच महिने लिहिलंय. फायलीतलं वय वाढत नाही.

एक गोष्ट सांगतो, खरी आहे. आमच्याकडे एका मुलाचा अर्ज होता, शाळेच्या दप्तरासाठी मदत मिळावी म्हणून. फिरला या टेबलावरून त्या टेबलावर, माझ्याही टेबलावर होता बरेच दिवस. मंजूर झाला शेवटी. तो मंजुरीचं पत्र न्यायला आला तेव्हा त्याच्या कडेवर त्याचं स्वतःचं मूल होतं. आम्ही सगळे हसलो होतो. मी सगळ्यात जास्त. चहाच्या वेळी नक्कल करून दाखवायचो त्याची, पत्र एका हातात, मूल दुसऱ्या. वरातीमागून घोडं म्हणायचो. तेव्हा तो माणूस हसला होता का ते काही आठवत नाही.

नको, काढू नका. थांबा जरा, स्क्रू काढू नका. काय म्हणता तुम्ही — चालणारं पोर आडवं राहत नाही, उभ्याउभ्याच बदलावं लागतं? उभ्याने? मग इतकी वर फळी काय कामाची, बरोबर. खाली आणायची? गुडघ्याएवढी, म्हणजे त्याला स्वतः बसता येईल, बूट घालायला? ही कल्पना — ही कल्पना वाईट नाही. नकाशा बदलावा लागेल. तीन काठ ठेवायचे, पाठीला टेकायला होतील, म्हणता? हं. पण गुडघ्याएवढी म्हणजे कुणाच्या गुडघ्याएवढी? त्याच्या. आणि त्याचा गुडघा कुठे येतो हे इथे कुणाला ठाऊक आहे? फोटोवरून नाही कळत, शेजारी मापाला काही नाही. तुम्ही अंदाजे म्हणू नका, अंदाजेच तर झालं हे सगळं. हे विचारायला हवं. कुणाला म्हणजे — आहेच कोण. तिलाच.

आत्ता? आज गुरुवार आहे. मी रविवार धरला होता.

नाही, तुमचंही बरोबर आहे, तुम्ही काम अर्ध्यावर टाकून किती वेळ उभे राहणार. आणि हे काही फार बोलायचं काम नाही. उंची किती, एवढंच. एका ओळीची विचारणा. ‘मी बोलतोय, पोराची उंची किती झाली, मिस्त्री आलेत.’ बास. बाकीचं ती विचारेल, मिस्त्री कशाला आलेत म्हणून. विचारेल ना? विचारेल. लहानपणी फार प्रश्न विचारायची, मी म्हणायचो, लेखी दे.

तुम्ही लावून द्या जरा, माझ्या बोटाने ती लहान अक्षरं दाबली जात नाहीत. तिचं नाव नाहीये, ‘लेक’ म्हणून आहे. हां. द्या इकडे.

रिंग जातेय.

जातेय अजून. — तुम्ही तो काचपेपर खाली ठेवा हो, आवाज येतो.

— बंद झाली. आपोआप झाली की तिने केली, कसं कळतं? आपोआप? तुम्हाला खात्री आहे? अडीच वाजलेत. तुमचा धाकटा या वयात दुपारी झोपायचा? हं. मग झोपवत असेल ती. एक हात अडकलेला असतो, पोर कुशीत असेल, फोन लांब असेल. उठेल, बघेल, मग करेल. नाही करायला काय झालं. मी केलाय म्हणून दिसेल ना तिला? माझं नाव येईल? काय नावाने ठेवलंय कुणास ठाऊक.

पुन्हा नको, लगेच नको. चार स्मरणपत्रं लिहिणारा माणूस आहे मी, मला माहितीय त्यांचं काय होतं. फोन इथे ठेवतो, फळीवर. राहील इथे. पाणसळ लावलीय, काठ आहेत, घसरायचा नाही.

नाही, ड्रिल आता नका लावू. वाजला तर ऐकू यायला हवा. उरलेलं राहू दे, उंची कळली की मी निरोप देतो तुम्हाला. हत्यारं उचला तुम्ही, भुसा मी झाडीन. चहा राहिला तुमचा — पुढच्या वेळी. निघा आता. जिन्यात जपून, तिसऱ्या पायरीचं टोक तुटलंय. आणि दार तुम्हीच ओढून घ्या, मिस्त्री. मला इथून हलता येणार नाही. या बाजूला काठ नाही.